अंगठ्यात थंब पिक की नुसता अंगठा? आधी बास काय करतोय ते ऐका

गिटारवर थंब पिकचा (कड्यासारखं अंगठ्यात घालायचं, तार छेडायला पातं असलेलं पिक) आवाज चांगला की नुसत्या अंगठ्याचा, असं विचारलं तर दोन्ही बाजूंनी बोलणारे भरपूर भेटतात आणि दोघांचंही खरं असतं. त्यामुळे त्या वादातून हाती काही लागत नाही. फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी तारा छेडून वाजवणं, शिकणारा मग दुकानातून एक पिक आणतो, चार दिवस घालतो, तारा चुकायला लागल्या की ते गिटारच्या बॅगेच्या कप्प्यात टाकतो आणि ‘आपल्याला नाही जमत’ असं ठरवून टाकतो. उलटंही होतं. आवडता वादक घालतो म्हणून घातलेलं पिक वर्षानुवर्षं अंगठ्यात राहतं आणि हळुवार गाण्याच्या साथीतही बास, म्हणजे जाड तारांवर अंगठ्यानं वाजणारे खर्जाचे स्वर, ठणठणत राहतो.

माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न एकच: तुमच्या वाजवण्यात बास काय काम करतो? डग्ग्यासारखा ठेका धरतो, की वरच्या सुरावटीखाली दुसरा गळा चालावा तसा गातो? ठेका धरत असेल तर पिक घाला. गात असेल तर अंगठा मोकळा ठेवा. मटेरियल, लांबी, नख, ब्रँड हे सगळं त्यानंतर.

याचं कारण तारेपाशी सापडतं. तार जितक्या अरुंद जागी आणि जितक्या कडक वस्तूनं ओढून सोडाल, तितके वरचे हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच उपस्वर) जास्त उमटतात. पिकची कड तारेला मिलिमीटरभर जागेत भिडते. अंगठ्याची गादी काही मिलिमीटर रुंद जागेत टेकते, वर ती मऊ असते. ती तार सोडतानाच वरचे हार्मोनिक्स शोषून घेते. म्हणून नुसत्या अंगठ्याचा बास गोल आणि खोल लागतो, पिकचा बास टोकदार आणि स्पष्ट.

आता त्यात पाम म्यूट मिसळा. करंगळीच्या बाजूची तळहाताची कड ब्रिजच्या सॅडलवर (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर) टेकवून सहावी, पाचवी आणि चौथी तार अर्धवट दाबली की तीही वरचे हार्मोनिक्सच आधी मारते. अंगठ्यानं ते आधीच मारलेले असतील तर उरतं काय? नुसतं ‘थप’. स्वर कुठला तेही कळत नाही. पिकनं छेडलं तर सुरुवातीची ‘टक’ टिकते, मागून स्वराचा आखूड घुमारा येतो आणि तो लगेच दबतो. डग्ग्याला हवा तो बोल हाच. थंब पिक आणि पाम म्यूट ही जोडी एकत्रच शिकायची असते. नुसतं पिक घालून बास मोकळा सोडला तर तो सगळ्यावर चढतो, आणि पिक ‘कर्कश’ असल्याची जी तक्रार ऐकू येते तिचं मूळ बहुतेक वेळा यातच असतं.

ही जोडी जमली अमेरिकेत, पश्चिम केंटकीतल्या म्यूलनबर्ग काउंटीत. आर्नल्ड शुल्झ या कृष्णवर्णीय वादकाकडून केनेडी जोन्सकडे, तिथून मोझ रेगर आणि आइक एव्हर्ली यांच्याकडे आणि त्यांच्याकडून मर्ल ट्रॅव्हिसकडे (१९१७–१९८३) ही शैली आली. आज तिला ‘ट्रॅव्हिस पिकिंग’ म्हणतात. अंगठ्यात पिक, बास म्यूट केलेला, आणि वरची सुरावट बहुतांशी एकट्या तर्जनीनं. चेट ॲटकिन्सनं (१९२४–२००१) १९३०च्या दशकाच्या अखेरीस ट्रॅव्हिसला रेडिओवर ऐकलं. हात दिसत नव्हता, त्यामुळे इतकं सगळं एका बोटानं चाललं असेल असं त्याला वाटलंच नाही. त्यानं अंगठा आणि दोन, कधी तीन बोटं वापरून आपली पद्धत बसवली. अंगठ्यात पिक मात्र दोघांच्याही होतं. जेरी रीड आणि ऑस्ट्रेलियाचा टॉमी इमॅन्युएल याच घराण्यातले.

ब्लूज आणि गॉस्पेल वाजवणाऱ्या रेव्हरंड गॅरी डेव्हिसचं कारण वेगळं होतं. तो अंगठा आणि तर्जनी या दोनच बोटांनी वाजवायचा आणि दोन्हींत पिक घालायचा. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रस्त्यावर गाताना माइक नव्हता. आवाज पोचवायचा तर पिक लागणारच.

माझ्या नियमाला सर्वांत मोठा अपवाद म्हणजे अमेरिकन ब्लूज वादक मिसिसिपी जॉन हर्ट. त्याचा बास एका तारेवरून दुसरीवर अखंड आलटतो, घड्याळासारखा, आणि अंगठा पूर्ण मोकळा. त्याची १९२८ची ओके कंपनीची रेकॉर्डिंग आणि १९६३मध्ये तो पुन्हा सापडल्यानंतरची रेकॉर्डिंग, दोन्ही ऐका. तिथे बास फारसा दाबलेला नाही, लय मध्यम आहे, आणि अनामिका-करंगळी गिटारच्या दर्शनी फळीवर टेकवून हात स्थिर ठेवलेला आहे. त्याचा ठेका डग्ग्याचा नाही, चालत्या पावलांचा आहे. वाजवणं असं मवाळ असेल आणि शेजारी ढोलक किंवा दुसरी गिटार नसेल, तर मोकळ्या अंगठ्यानंही ठेका धरता येतो. लय चढली, साथीला माणसं आली की तो पुरत नाही.

आपल्याकडची गाणी घेतली तर हा फरक फार लवकर कळतो. केहेरव्याच्या आठ मात्रांवर आलटता बास अलगद बसतो. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर अंगठा, मधल्या जागांत बोटं. चाल उडती असेल तर इथे पिक आणि म्यूट शोभतात. दादऱ्यात बास पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर येतो, आणि चौथी मात्रा खालीची. ती पहिलीइतकी वाजली तर दादऱ्याचा झोकाच जातो. मोकळ्या अंगठ्यानं चौथी मात्रा हलकी करणं सोपं आहे, कारण गादी किती टेकवायची ते त्वचेलाच कळतं. पिकनं ते करायला बराच सराव लागतो. भावगीताच्या किंवा गझलेच्या साथीला बसणाऱ्यानं अंगठा मोकळा ठेवावा, यात मला तरी शंका नाही.

पिक घ्यायचं ठरलं तर

थंब पिक आपल्याकडे बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिलं ते हवाईयन गिटार वाजवणाऱ्यांच्या अंगठ्यात. तिथे गिटार मांडीवर आडवी असते, हात वरून येतो, आणि लांब, रुंद पातं चालून जातं. स्पॅनिश गिटारवर हात बाजूनं येतो. तेच लांब पातं इथे तारांच्या खाली अडकतं. विकत घेतलेलं पिक जसंच्या तसं वापरायचं नसतं, ही पहिली गोष्ट कुणी सांगत नाही. ते अंगठ्याला आणि हाताला बेतून घ्यावं लागतं, चप्पल नवी असताना घेतो तसंच.

आधी माप. डनलॉपची साधी प्लास्टिकची पिक मिडियम आणि लार्ज अशा मापांत येतात. कडं नखाच्या मुळापाशी, अंगठ्याच्या पहिल्या सांध्याच्या पुढे बसायला हवं. सांध्यावर गेलं तर अंगठा वाकत नाही, आणि फार टोकाला आलं तर जोर लागताच फिरतं. घालून हात खाली सोडा आणि झटका. निघालं तर सैल. दहा मिनिटांत अंगठ्याचं टोक जांभळट पडलं किंवा मुंग्या आल्या तर घट्ट. डावखुऱ्यांनी डावखुरंच पिक मागावं. उजव्या हाताचं पिक डाव्या अंगठ्यात घातलं तर पातं उलट्या कोनात येतं.

मापात थोडाच फरक असेल तर सेल्युलॉइडचं पिक गरम पाण्यात वळवता येतं. पातेल्यात पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, चिमट्यात पिक धरून दहा-पंधरा सेकंद बुडवा. मऊ झालं की अंगठ्याहून किंचित बारीक अशा गोल वस्तूभोवती, मार्कर पेन चालेल, कडं दाबून धरा आणि तसंच थंड पाण्यात घाला. सैल करायचं असेल तर जाड वस्तू घ्या. एका वेळी थोडंच वळवा, कारण जास्त ओढलं तर कड्याला पांढरट रेष पडते आणि पुढे ते तिथेच तुटतं. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. गॅसच्या ज्योतीवर किंवा लायटरवर ते कधीही धरू नका. डेलरिन या प्लास्टिकची पिक गुळगुळीत आणि चिवट असतात, पण ती गरम पाण्याला फारशी दाद देत नाहीत, थोड्या वेळानं मूळ आकारावर येतात. डेलरिन घ्यायचं तर माप दुकानातच नीट बघून घ्यावं.

मग पात्याची लांबी. अंगठा वाजवायच्या स्थितीत ठेवा आणि मांसाच्या कडेपलीकडे पातं किती येतं ते बघा. दहा मिलिमीटरच्या पुढे असेल तर ते कापायलाच हवं. पाच-सहा मिलिमीटर ही सुरुवातीची चांगली लांबी. नेलकटरनं एका वेळी एक मिलिमीटर कापा, प्रत्येक वेळी वाजवून बघा. कापलेली कड ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं गोल करा, मग ८००, मग १५०० किंवा २०००, आणि शेवटी जीन्सच्या कापडावर घासा. ही पॉलिशची पायरी गाळू नका. कड खरबरीत राहिली तर गुंडाळलेल्या तारांवर प्रत्येक ठोक्याला ‘खर्र’ असा आवाज येतो, आणि लोक तो पिकचा स्वभाव समजतात. टोकाचा आकारही इथेच ठरतो. टोक निमुळतं ठेवलं तर आवाज चमकदार आणि बारीक, रुंद गोल ठेवलं तर भरलेला.

जाडीबद्दल माझं मत ठाम आहे: म्यूट केलेल्या बाससाठी न वाकणारं पिक हवं. पातळ पातं वाकतं, तार उशिरा सुटते, आणि ठेका क्षणभर मागे पडत राहतो. पातळ पिकनं स्ट्रमिंग (सगळ्या तारांवर एकदम हात फिरवणं) सोपं होतं, हे खरं. फ्रेड केलीच्या स्पीड पिकचं पातं लवचिक असल्यामुळे चिमटीत धरायच्या फ्लॅट पिकसारखं वर-खाली वाजवणं सोपं जातं. ब्लॅक माउंटनच्या पिकमध्ये स्प्रिंग आहे. वेगवेगळ्या मापाच्या अंगठ्यांत ते बसतं आणि फिरत नाही, पण ज्यांना अंगठ्यावर कमीत कमी वजन हवं त्यांना ते जड वाटेल. सुरुवातीला यातलं काही लागत नाही. साधी दोन पिक घ्या, एक कापून बिघडेल असं धरून चाला.

घाम हा आपल्या हवेचा प्रश्न आहे. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर पिक अंगठ्यावरून घसरतं. कड्याच्या आतल्या बाजूवर २२० नंबरच्या वॉटर पेपरनं चार-सहा आडव्या रेघा ओढल्या तर पकड सुधारते. नाहीतर अंगठ्याला कापडी मेडिकल टेपचा एकच वेढा द्या. व्हायोलिनचा रोझिन आतून किंचित चोळला तरी चालतं, पण तो नंतर बोटांना लागतो आणि तिथून तारांवर जातो. मला टेपच बरी वाटते.

पिक घातल्यावर काय बिघडतं

पहिला आठवडा तारा चुकतात. तार आता अंगठ्याच्या त्वचेपासून पाच-सहा मिलिमीटर दूर आहे, आणि हाताच्या मनातला नकाशा मात्र जुनाच आहे. तो बदलायला दोन-तीन आठवडे रोजचा सराव लागतो. या टप्प्यावर पिक सोडून देणारे सगळ्यात जास्त.

पातं तारेखाली अडकत असेल तर दोन कारणं तपासा. पातं लांब आहे, किंवा अंगठा टोकाच्या सांध्यातून वाकून ओढतोय. अंगठा जवळजवळ सरळ ठेवून मनगटापाशी असलेल्या मुळातून हलवायचा, आणि पातं तारेखाली दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही.

तर्जनी पात्याला आपटून ‘टिक टिक’ होत असेल तर अंगठा बोटांच्या पुढे, नेकच्या बाजूला आणा. वरून पाहिल्यावर अंगठा आणि तर्जनी यांचा फुलीसारखा छेद दिसला पाहिजे. त्यानंतरही टिकटिक राहिली तर पातं अजून मिलिमीटरभर कापा.

बास मोठा आणि वरची सुरावट दबलेली, ही तक्रार सर्वांत सामान्य. बोटं जोरात मारून हे सुटत नाही, त्यानं हात फक्त आखडतो. आधी अंगठ्याचा जोर निम्मा करा, मग म्यूट तपासा. तळहाताची कड बरोबर सॅडलवर हवी. ती दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकली की स्वर मरतो, आणि दाब जास्त असेल तर किंचित चढाही लागतो. सॅडलच्या मागे राहिली तर म्यूट होतच नाही. तिसरी तार मोकळी वाजली पाहिजे. ती दबत असेल तर तळहात फार आडवा पडलाय. एवढं करूनही बोटं मागे पडत असतील तर बोटांना थोडं नख द्या.

बाकीच्या बोटांतही धातूची पिक घालावीत का? ब्लूग्रासचे बँजोवादक घालतात, गॅरी डेव्हिस घालायचा. गिटारवर एकट्या सुरावटीला ती आवाज देतात, पण स्पर्श पार बदलून टाकतात. माझा सल्ला, थंब पिक पूर्ण अंगवळणी पडेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पिझो पिकअपची (तारांची कंपनं टिपून स्पीकरकडे पाठवणारा सेन्सर) गिटार असेल तर आणखी एक. सॅडलखालचा पिझो पिकची ‘टक’ फुगवून दाखवतो. घरी गोड वाजलेला बास हॉलमध्ये पत्र्यावर आपटल्यासारखा लागतो. साउंडहोलमध्ये बसणारा मॅग्नेटिक पिकअप इथे जास्त समंजस वागतो. आणि मोठ्या पेटीच्या ड्रेडनॉट गिटारचा बास मुळातच भारी असतो, त्यावर मोकळं, म्यूट न केलेलं पिक म्हणजे घुमणं. ओएम किंवा ट्रिपल-ओ या लहान आकारांच्या गिटारवर तोल सांभाळणं सोपं जातं.

अंगठा मोकळाच ठेवायचा तर

मोकळा अंगठा म्हणजे काहीच करायचं नाही, असं नाही. मोकळ्या अंगठ्याचे बहुतेक दोष एका जागी जन्मतात: कधी नुसती गादी लागते, कधी नुसतं नख, आणि प्रत्येक ठोक्याचा रंग वेगळा येतो. ठरवून टाका. एक तर नख इतकं कापा की ते तारेला लागणारच नाही, किंवा मांसापलीकडे एक-दीड मिलिमीटर ठेवा आणि तार आधी मांसाला, मग नखाच्या कडेला लागून सुटेल असा कोन बसवा. दुसऱ्या पद्धतीत बासला पिकच्या जवळ जाणारी स्पष्टता मिळते आणि गोलाईही राहते. नख ४०० नंबरनं घासून २०००पर्यंत पॉलिश करायचं, पिकसारखंच. त्यावरचा बारीकसा ओरखडाही गुंडाळलेल्या तारेवर ऐकू येतो.

स्टीलच्या तारा नख खातात. सहाव्या तारेवर नखाची कड रोज घासली तर दोन आठवड्यांत तिथे खाच पडते. ॲक्रिलिक नखं बसवून घेणारे वादक आहेत, आणि जोरकस आधुनिक फिंगरस्टाइलमध्ये ते रूढच झालंय. पण ती काढताना खालचं मूळ नख पातळ होतं, आणि कडेला फट पडून ओल साचली तर बुरशी लागते. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी फट तपासावी. नख ऐनवेळी तुटलं तर पाश्चात्त्य क्लासिकल गिटारवाले टेबल टेनिसच्या चेंडूचा तुकडा नखाखाली सुपरग्लूनं चिकटवतात. चेंडू जुना सेल्युलॉइडचा असेल तर वर सांगितलेली आगीची सूचना त्यालाही लागू.

बास अशक्त वाटत असेल तर पिककडे धावण्याआधी रेस्ट स्ट्रोक करून बघा. पाचवी तार छेडून अंगठा चौथ्या तारेवर टेकवून थांबवा. बासला लगेच वजन येतं. चौथ्या तारेवर पुढचाच स्वर बोटानं हवा असेल तर अर्थातच हे करता येत नाही, म्हणून गाण्यातल्या ठरावीक जागांवर, समेवर किंवा ओळीच्या सुरुवातीला, ते राखून ठेवा. पिक घातलेल्या हाताला असा मधूनच दिलेला भार तितका सहज साधत नाही.

मोकळ्या अंगठ्याचं आणखी एक काम पिकला जमत नाही: वाजून झालेली बासची तार हळूच थांबवणं. बास गाणारा असेल तर स्वर कुठे संपतो हेही स्वर कुठे सुरू होतो इतकंच महत्त्वाचं असतं. अंगठ्याचं मांस तारेवर परत ठेवलं की स्वर विझतो. पिक ठेवलं तर ‘चिट्’ असा आवाज होतो.

नायलॉनच्या तारांवर काय? पाश्चात्त्य क्लासिकल किंवा ब्राझीलचं बोसा नोव्हा वाजवत असाल तर अंगठा मोकळाच. जेरी रीडनं मात्र नायलॉनच्या गिटारवर थंब पिक घालून बरंच वाजवलं, आणि त्याच्या त्या उसळत्या ठेक्याचं अर्धं श्रेय त्या जोडीला आहे. तिथेही बासचं काम ठेक्याचंच होतं.

तीन आठवड्यांची परीक्षा

एका दिवसात निर्णय घेऊ नका, पहिल्या दिवशी पिक हमखास हरतं. सी कॉर्ड धरा. पाचवी तार तिसऱ्या पडद्यावर, चौथी दुसऱ्यावर, दुसरी तार पहिल्या पडद्यावर. अंगठा ५-४-६-४ असा फिरवा. सहाव्या तारेची पाळी आली की अनामिका पाचव्या तारेवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर न्या आणि परत आणा. मेट्रोनोम ६०वर, प्रत्येक ठोक्याला एक बास. पहिला आठवडा एवढंच, पिक घालून, म्यूट करून, रोज पंधरा मिनिटं. बोटं गुंतवायचीच नाहीत. कंटाळवाणं आहे, पण नकाशा याच आठवड्यात बदलतो.

दुसऱ्या आठवड्यात बोटं आणा. पहिल्या ठोक्याला अंगठा पाचवीवर आणि मध्यमा पहिल्या तारेवर, एकत्र. दुसऱ्याला अंगठा चौथीवर, त्याच्यानंतरच्या अर्ध्यावर तर्जनी दुसऱ्या तारेवर. तिसऱ्याला अंगठा सहावीवर, अर्ध्यावर मध्यमा पहिलीवर. चौथ्याला अंगठा चौथीवर, अर्ध्यावर तर्जनी दुसरीवर. चुका न करता दोन मिनिटं वाजलं की लय चारनं वाढवा. ९०च्या पुढे गेल्यावर म्यूट सैल होतोय का ते ऐका, कारण वेग वाढला की तळहात नकळत उचलला जातो.

तिसऱ्या आठवड्यात तुमच्या नेहमीच्या दोन गाण्यांवर या, एक उडतं आणि एक संथ. दोन्ही पिकनं आणि दोन्ही मोकळ्या अंगठ्यानं वाजवून रेकॉर्ड करा. फोन मीटरभर लांब, बाराव्या पडद्यासमोर ठेवा. फोन मोठा आवाज आपोआप कमी करतो आणि लहान वाढवतो, त्यामुळे बास आणि सुरावटीचा तोल त्यावर ठरवू नका. दोनच गोष्टी ऐका: ठेका सरळ आहे का, आणि बासचे स्वर ओळखू येतात का. तोलासाठी समोर कुणाला तरी बसवा. वाजवणाऱ्याला स्वतःचा बास नेहमी वेगळा ऐकू येतो, कारण गिटार छातीला टेकलेली असते.

या काळात मनगट किंवा अंगठ्याचं मूळ दुखायला लागलं तर थांबा. पिक घातल्यावर नकळत जोर वाढतो, मनगट वाकवून तारेपर्यंत पोचायची सवय लागते आणि टेंडनवर ताण येतो. अमेरिकन गिटारवादक लिओ कॉटकी कितीतरी वर्षं पिक घालून बारा तारांच्या गिटारवर प्रचंड वेगानं वाजवत होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला टेंडनला इजा झाल्यावर त्याला पिक सोडून मोकळ्या बोटांनी सगळी पद्धत नव्यानं बसवावी लागली. दुखणं दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनं गेलं नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, वेगळं पिक शोधत बसू नका.

दोन्ही पद्धती ठेवायच्या असतील, एका गाण्याला पिक आणि दुसऱ्याला मोकळा अंगठा, तर एक अडचण आधीच सोडवून ठेवावी लागते. कडं नखाच्या मुळाशी बसतं, पण अंगठ्याचं नख वाढलेलं असेल तर त्याची कड पात्याच्या मुळाला भिडते, पिक तिरकं होतं, नखही चिरतं. म्हणजे अंगठ्याचं नख बारीक कापलेलंच हवं, आणि मोकळा अंगठा वाजेल तो नुसत्या मांसानं. बोटांची नखं मात्र ठेवता येतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये स्पॅनिश गिटारवादक दियोनिसियो आग्वादो सगळ्या बोटांना नखं ठेवून वाजवायचा, आणि त्याचा मित्र फर्नांदो सोर नखांशिवाय. सोरला ऐकल्यावर आग्वादोनं अंगठ्याचं नख वापरणं सोडलं, बाकीच्या बोटांची नखं ठेवली, आणि १८४३च्या आपल्या गिटार शिकवणाऱ्या पुस्तकात तसं लिहूनही ठेवलं. पिक खिशात घेऊन फिरणाऱ्याला तीच रचना सोयीची आहे: तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेला दीड मिलिमीटर नख, अंगठा बोडका.